चाळीस मिनिटं कधीपासून

त्रिनगर परिवहन, प्रवासी न्याय कक्ष, सांगली
पुनर्विचार अर्ज, नमुना सात
(हा अर्ज नागरिक पंचांपुढे ठेवला जाईल. पंच बाहेरगावचे असतात. त्यांना कळेल असे लिहावे.)

अर्जदाराचे नाव: श्रीधर बाबूराव खटावकर, वय एकोणसत्तर, निवृत्त गणित शिक्षक, राहणार माधवनगर.

दंडित प्रवाशाचे नाव: सुलक्षणा मगदूम, वय त्रेचाळीस, मिरजेच्या एका इस्पितळात वॉर्डातली मावशी.

दंडित प्रवाशाशी नाते: शिक्षक. तिला आठवी-नववीत गणित शिकवलं. (आधी इथे 'सहवाचक' लिहून खोडलं आहे. खोडलेलंही खरं आहे.)

झालेली शिक्षा: एकशे ऐंशी दिवस प्रवासबंदी. नियम समजलेला असूनही बावीस वेळा मोडला म्हणून.

घटनेचा तपशील (पन्नास शब्दांत): ती रोज माधवनगरहून मिरजेला जाते. परतताना विश्रामबागला उतरून आजारी बहिणीला दोन भाकऱ्या थापून देते आणि पुन्हा गाडीत चढते. चाळीस मिनिटांच्या आत पुन्हा चढलं तर फेरी एकच धरतात. ही चाळीस मिनिटं कधीपासून मोजायची, हे मी तिला चुकीचं सांगितलं.

सदतीस शब्द झाले, तेरा उरले. पण एवढ्यावरून पंचांना काही कळेल असं वाटत नाही. कागद उलटतो.

मागची बाजू

पंच महोदय, तुमच्या गावात तिकीट अजून कागदाचं असेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सांगली, मिरज आणि कुपवाड जोडणारी विजेची गाडी आमच्याकडे सात वर्षांपूर्वी आली. गाडी चांगली आहे. भाडं संगणक ठरवतो: तुम्ही कुठून चढलात, कशासाठी निघालात, किती वाजता, मध्ये उतरलात का, परत कधी येणार, हे सगळं बघून. नियमांची तीनशे बारा कलमं आहेत आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यातली काही बदलतात. प्रत्येक थांब्यावर निळ्या पाटीवर लिहिलेलं आहे, 'नियम समजून घेणे ही प्रवाशाची वैयक्तिक जबाबदारी आहे.'

पहिली दोन वर्षं पकडला गेलेला प्रत्येक जण एकच सांगायचा, मला नियम समजला नव्हता. खरे आणि खोटे दोघेही तेच सांगायचे. न समजलेल्या नियमासाठी शिक्षा देता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. मग समजला होता की नव्हता, हे ओळखायचं कसं? तेव्हा उमजयंत्र आलं.

यंत्र म्हणजे थांब्यावरचा एक पडदा आणि त्याच्या वर दोन कॅमेरे. पडद्यावर त्या महिन्याचे नियम येतात. तुम्ही वाचता, यंत्र तुमच्या डोळ्यांकडे बघतं. अवघड वाक्य वाचताना मेंदूवर भार येतो आणि डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते. अर्थ लागला की भार उतरतो, बाहुली पुन्हा लहान होते, नजर सरळ पुढच्या ओळीवर जाते. अर्थ लागला नाही तर नजर त्याच शब्दापाशी घुटमळते, मागे जाते, कंटाळून भलतीकडे वळते. सेकंदाला हजार वेळा मोजून यंत्र याचा आलेख काढतं. आलेख चांगला आला तर हिरवं कार्ड. हिरव्याला कुठेही उतरता येतं, चढता येतं, भाडंही कमी. पण चूक झाली तर जाणूनबुजून केली असं धरतात. आलेख वाईट आला तर पिवळं कार्ड. पिवळ्याने ठरलेल्या एकाच मार्गाने जायचं, मध्ये उतरायचं नाही. त्याच्या चुका मात्र माफ असतात.

पिवळ्यात वाईट असं काही नाही. फक्त तो माणूस फाटकातून जाताना वरचा दिवा पिवळा लागतो आणि मागचे लोक बघतात.

मी पहिल्याच महिन्यात हिरवा झालो. माझ्या मागे रांगेत चौगुले होते, आमचे शेजारी, गिरणीतले जुने फोरमन. ते तीनदा बसले आणि तीनदा पिवळे निघाले. अधू दृष्टीच्या प्रवाशाला सहवाचक घेता येतो, असं एक कलम मी त्यांना शोधून दिलं. सहवाचक वाचतो, यंत्र सहवाचकाचे डोळे मोजतं, प्रवाशाने शेवटी मोठ्याने 'समजलं' म्हणायचं. चौगुल्यांची दृष्टी उत्तम आहे. तरी मी रकान्यात 'अधू' लिहिलं, वाचलं आणि चौगुले हिरवे झाले.

मग एक तारखेला माधवनगरच्या थांब्यावर माझ्यासाठी खुर्ची येऊ लागली. चहा येऊ लागला. 'खटावकर सरांची हिरवी' असं लोक म्हणायला लागले. पाच वर्षांत मी त्रेसष्ट जणांचा सहवाचक झालो. त्यातल्या एकाचीही दृष्टी अधू नव्हती.

सुलक्षणा फेब्रुवारीत एकटी बसली होती. पिवळी आली. पिवळ्या कार्डावर विश्रामबागला उतरता येईना, म्हणून ती माझ्याकडे आली. "सर, वॉर्डातल्या पोरी बी हसत्यात. मला हिरवी करून द्या की."

एक मार्चला मी तिच्या वतीने वाचलं. चाळीस मिनिटांचं कलम आलं तेव्हा तिला सांगितलं, उतरल्यापासून चाळीस मिनिटं, काळजी करू नकोस. तिने काही विचारलं नाही. 'समजलं' म्हणाली.

सुनावणी

पाच एप्रिलला न्याय कक्षात सुनावणी झाली. तपास अधिकारी गौतमी आवटी, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी सहवाचक म्हणून शेजारच्या खुर्चीवर. सुलक्षणा इस्पितळाची निळी साडी नेसून उभीच होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

आवटी मॅडमनी शांतपणे वाचलं. "मगदूमताई, कलम दोनशे अकरा. मध्ये उतरण्याची चाळीस मिनिटं ही पहिल्या फाटकातून आत शिरल्याच्या क्षणापासून मोजली जातात. तुम्ही मिरजेच्या फाटकातून सहा वाजून पाच मिनिटांनी आत आलात. विश्रामबागला पुन्हा चढलात सहा अठ्ठावन्नला. त्रेपन्न मिनिटं झाली. बावीस दिवस थोड्याफार फरकाने असंच."

दोनशे अकरावं कलम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चाळीस मिनिटांचं कलम एकोणनव्वदावं. त्याच्या खाली बारीक अक्षरात 'मोजणीसाठी कलम २११ पाहावे' असं होतं. ते मी पाहिलं नव्हतं. पाहायची गरज वाटली नव्हती.

"खटावकर सर, तुम्हाला हे कलम ठाऊक होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

"आणि तुम्ही यांना ते सांगितलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत सुलक्षणा बोलली. "सांगितलं होतं सरांनी. नीट समजावून सांगितलं होतं. मीच इसरले."

मॅडमनी लिहून घेतलं. मग पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर एक मार्चचा माझ्या डोळ्यांचा आलेख होता, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. "अठ्ठ्याण्णव टक्के," त्या म्हणाल्या. "सर, सगळ्या त्रिनगरात असा आलेख मी दुसरा बघितलेला नाही."

पंच महोदय, त्या क्षणी मला बरं वाटलं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. शेजारी एका बाईला सहा महिने घरी बसवत होते आणि मला बरं वाटलं.

जिन्यावर सुलक्षणा म्हणाली, "तुम्ही आलात सर, तेवढा धीर आला." मी तिला बंदीच्या काळात काय करावं यावर सल्ला दिला. काय दिला ते आता आठवत नाही.

यंत्राबद्दल आणखी थोडं

त्यानंतर मी उमजयंत्राची माहितीपुस्तिका मागवून वाचली. चाळिसाव्या पानावर यंत्र बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. यंत्र समज मोजत नाही. समजल्याची खात्री मोजतं. बरोबर अर्थ लागला तरी मेंदूचा भार उतरतो, चुकीचा अर्थ लागला तरी उतरतो. माणसाला जर शंकाच आली नाही तर दोन्ही आलेख एकसारखे येतात. चाचणीत असा चुकीचा पण खात्रीचा अर्थ शेकडा चार लोकांना लागला, म्हणून तो दुर्लक्षणीय मानला आहे.

म्हणजे ज्याला शंका येते तो पिवळा आणि ज्याला येत नाही तो हिरवा.

पस्तीस वर्षं मी फळ्याकडून वर्गाकडे वळून विचारलं, समजलं का? पन्नास मुलं एका सुरात 'हो सर' म्हणाली. मी फळा पुसला आणि पुढचं गणित घेतलं.

मधला काळ

मी वीस दिवस काही केलं नाही.

एकदा फाटकाशी चौगुले भेटले. म्हणाले, "तुमची सुलक्षणा आता दुधाच्या टेंपोतनं मिरजेला जातीय. क्यानवर बसून. तुमच्या हिरवीची ही दशा कशी काय झाली ओ सर?" मी म्हणालो, तिचं लक्ष नव्हतं. चौगुले म्हणाले, "तेच की. तुमचं सांगणं चुकायचं न्हाई."

टेंपो पोचेपर्यंत पाळी सुरू झालेली असते. इस्पितळाने तिला या महिन्याअखेरपर्यंत मुदत दिली आहे. रोज वेळेवर यायचं, नाहीतर दुसरी बाई घेणार. टेंपोवाला तिच्या दिराचा मित्र आहे म्हणून निदान तेवढं तरी होतंय. हे सगळं मला चौगुल्यांकडून कळलं. सुलक्षणाने मला काही कळवलं नाही.

दंडित प्रवाशाची संमती (सही आवश्यक):

इथपर्यंत लिहून मी काल रविवारी सकाळी तिच्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत बसली होती. लगबगीने उठून खुर्ची पुसायला लागली. मी अर्ज पुढे केला आणि म्हणालो, "यावर सही लागेल तुझी. मी तुला थोडक्यात सांगतो."

"नगं सर. वाचते मी."

तिने वाचायला घेतलं. ओळीखाली बोट धरून. मधूनच थांबायची, मागे जायची, पुन्हा तीच ओळ. मी दोनदा काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अर्ध्या तासाने तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"सर, हितं तुम्ही लिवलंय, तिनं काही इच्यारलं न्हाई."

"हं."

"मी इच्यारलं होतं."

मी वाकून ती ओळ बघितली.

"चाळीस मिन्टं कवापास्नं धरायची, म्हणून इच्यारलं होतं. त्यो दोनशे अकरा आकडा बी दावला होता तुम्हाला, बारीक अक्षरातला."

"मी काय म्हणालो होतो?"

"तुम्ही म्हणाला, नववीत पण तुझे प्रश्न असेच असायचे." ती हसली नाही, रागावलीही नाही. "रांगेतली समदी हसली. मग मी समजलं म्हणून टाकलं."

"तुला शंका होती तर रोज उतरत का राहिलीस?"

"मला वाटलं माझंच चुकत आसंल. गणितात माझंच चुकायचं की."

"आणि न्याय कक्षात खोटं कशाला सांगितलंस?"

"तुम्ही हो म्हणाला, सर. त्येच्यावर मी काय म्हणायचं? सरांना ठावं न्हाई असं?" तिने ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. "आता ह्येनं माझी बंदी उठंल?"

"मला माहीत नाही."

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळे पिवळे होतील, स्वतः बसून हिरवे होईपर्यंत."

"मंग एक तारखेला तुम्हाला च्या कोण पाजणार?" आता मात्र ती थोडी हसली. मग सहीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "मी इच्यारलं होतं, एवढं लिवा. मंग करते."

म्हणून लिहितो. 'तिने काही विचारलं नाही' हे मागच्या बाजूचं वाक्य खोटं आहे, 'ते मी पाहिलं नव्हतं' हेही. ती खोडत नाही, पंचांना दिसू देत. तिने बरोबर प्रश्न विचारला होता, बरोबर कलमावर बोट ठेवलं होतं, आणि मी तिला चारचौघांत हसण्यावारी नेलं. हे मी सुनावणीतही सांगितलं नाही आणि या अर्जातही लपवलं. अर्ज तिच्या भल्यासाठी करतोय, असं मनाशी म्हणत असताना लपवलं.

सही: सुलक्षणा मगदूम

या अर्जाचे परिणाम अर्जदारास मान्य आहेत काय:
खोट्या कारणाने सहवाचन केल्याबद्दल माझं हिरवं कार्ड रद्द होईल. महिनाभर माझं नाव माधवनगरच्या थांब्यावर लागेल. त्रेसष्ट जणांची कार्डं पिवळी होतील आणि ते मी प्रत्येकाला स्वतः घरी जाऊन सांगायचं आहे. मान्य आहे.

पोचपावती क्र. ७/४१८. अर्ज मिळाला.

(पोचपावतीच्या मागे, पेन्सिलीने)

सुलक्षणा माझ्याबरोबर आली होती. आवटी मॅडमनी अर्ज उभ्यानेच वाचला. शेवटच्या पानापाशी पुष्कळ वेळ थांबल्या. म्हणाल्या, "सर, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर?"

"नाही सांगितलं."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला. पंचांचा निर्णय होईपर्यंत सुलक्षणाची बंदी स्थगित, असं यंत्रात भरलं आणि तिचं कार्ड तिच्या हातात दिलं. पिवळं. खाली थांब्यावर तिने ते फाटकाला लावलं. दिवा पिवळा लागला, फाटक उघडलं. मागे दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी बघितलं. सुलक्षणाने पदर खोचला. "दुपारपाळी हाय सर, येते," म्हणाली आणि मिरजेच्या गाडीत चढली.

माझ्या हातात मॅडमनी नमुना नऊचे, म्हणजे कार्ड पिवळं झाल्याच्या नोटिशीचे, त्रेसष्ट कागद आणि एक यादी दिली होती. यादीत नाव, कार्ड कधी झालं आणि आजवरचे प्रवास. मी घरी येताना गाडीत वाचत होतो. चौगुले, प्रवास चारशे अकरा. त्यांच्या सूनबाई, दोनशे सहा. दुसऱ्या पानावर वरून चौथं नाव, शालिनी श्रीधर खटावकर. हिरवं कार्ड, पाच वर्षांपूर्वी. प्रवास शून्य.

शालिनी माझी बायको. महिन्यातून एकदा ती मिरजेला तिच्या थोरल्या बहिणीकडे जाते, असं मी समजत होतो. सकाळी डबा घेऊन निघते, संध्याकाळी परत येते.

घरी पोचलो तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी यादी पुढे धरली. तिने बघितली, चादरीची घडी पुरी केली, मग म्हणाली, "फाटकापर्यंत जायची मी. कार्ड कुठल्या बाजूनं लावायचं, आधी काय दाबायचं, ते कळायचं नाही. मागनं लोक घाई करायचे. मग मारुतीच्या देवळात जाऊन बसायची."

"दिवसभर?"

"डबा होता की. अक्काशी फोनवर बोलायचे तिथनंच."

"पाच वर्षं? अगं, मला विचारायचंस."

"विचारलं होतं की. पहिल्याच महिन्यात." तिने पुढचा कपडा उचलला. "तुम्ही गॅलरीतनं चौगुल्यांना हाक मारून सांगितलंत, ऐकलंत का, खटावकरांच्या घरातच एक पिवळी निघाली. आणि दुसऱ्या दिवशी मला नेऊन हिरवी करून आणलंत."

मला ते आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तर फक्त चौगुल्यांचं हसणं आठवलं.

मी त्रेसष्ट कागदांतला तिच्या नावाचा काढून तिच्यासमोर ठेवला. काय लिहिलंय ते सांगायला लागलो तर तिने हात वर केला.

"चष्मा द्या माझा," ती म्हणाली. "आणि मी वाचून होईपर्यंत तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा."